पंचेचाळीस अँपिअर

विजेचा शेवटचा खांब नेत्रावळीच्या खालीच राहिला.
पुढे तीन किलोमीटर पायवाट.
डिझेलचा कॅन मी खांद्यावर घेतला,
वाटेत चारदा खांदा बदलला,
तेव्हा कळलं खुशाली वेळीप
लिटरमध्ये का बोलत नाही.
ती खेपा मोजते.

कुळागराच्या वरच्या अंगाला शेड. आठ बॅटऱ्या,
ट्युब्युलर, दीडशेच्या,
आणि पाच केव्हीएचा जनरेटर,
नवऱ्याने बहरीनला जाण्याआधी आणून टाकलेला.
मडगावचा दुकानदार म्हणाला होता :
शंभर अँपिअरचा चार्जर घ्या, वहिनी,
तासाभरात काम तमाम.

मी पंचवीस वर्षं बार्जवर होतो.
सांवर्ड्याहून खनिज भरून झुआरीत उतरताना
इंजिनाच्या आवाजावरून सांगायचो
ओझं किती आणि दम किती.
आता ती बार्ज शिरोड्याला चिखलात उभी
आणि मी लोकांच्या बॅटऱ्या बघत हिंडतो.
शंभर म्हणजे पावणेसहा किलोवॅट, मी म्हटलं.
तुझा जनरेटर पहिल्याच घोटाला ठसकेल.

"मग हा पन्नासचा? स्वस्त आहे."
तिने कागद पुढे केला. जड ट्रान्सफॉर्मरवाला,
तसले मी खूप बघितलेत.
त्याला लागतात लाटेची टोकं,
आणि छोट्या जनरेटरची टोकं
ओझ्याखाली आधी चेपतात.
पाटीवर पन्नास, बॅटरीत वीस,
बाकी नुसती घरघर आणि तापलेल्या तारा.
पॉवर फॅक्टर, असं म्हणून मी थांबलो.
हा शब्द समजावताना मला नेहमी घाम फुटतो.
म्हटलं, न सोललेला नारळ समज.
"म्हणजे डिझेल जाळून मी सोडणं वाहायची?"
इतकं नेमकं मला कधी जमलं नव्हतं.

तर पंचेचाळीसचा.
पॉवर फॅक्टर सुधारलेला, करंट कमी करता येणारा,
बॅटरीच्या अंगाला चिकटवायचा सेन्सर असलेला.
किंमत ऐकून ती सुपारीचा भाव पुटपुटली.

"कितलो वेळ चलतलो तो आवाज?"
इथे दुकानदार खोटं बोलतात.
मीही बोललो असेन पूर्वी.
ऐंशी टक्क्यांपर्यंत बॅटरी अधाशासारखी पिते.
पुढचे वीस घेते
तापातून उठलेल्या माणसाने पेज घ्यावी तसे,
चमचा चमचा, मध्येच मान फिरवून.
तिथे शंभरचा लाव नाहीतर हजारचा,
चार तास म्हणजे चार तास.
त्यांच्यासाठी डिझेल जाळायचं नाही.
पहाटे लाव, पंपही तेव्हाच चालव,
पोटभर काम दे, रिकामा फिरला की काजळी धरतो.
दोन तासांनी बंद.
उरलेलं पत्र्यावरची पॅनेलं करतील दिवसभर.
पावसाळ्याचं वेगळं. तेव्हा आठवड्यातून एकदा
पूर्ण भरायचीच, खेपा पडल्या तरी.

तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली,
पण जनरेटर इथे नको. जूनपर्यंत तरी नको.
आणि घोटिंगाच्या झाडाकडे बोट केलं.
वर ढोली, लिंपून बंद केलेली,
मध्ये बोटभर फट.
आत धनेशाची मादी बसली आहे.
आवाज झाला की नर परत जातो.

बॅटऱ्या इथेच राहू देत, मी म्हटलं,
जनरेटर ओहोळापलीकडे नेऊ,
दोनशे तीसच्या तारेला अंतर चालतं.
हिशेब करत होतो मीटरचा, केबलच्या जाडीचा,
तेवढ्यात वरून पंखांचा तो आवाज आला,
जुन्या कॉम्प्रेसरने श्वास घ्यावा तसा.

तो फटीशी चिकटून बसला.
घशातून एकेक फळ काढून आत देत गेला.
पहिली भराभर गेली.
मी मोजत होतो. नववं. दहावं.
अकराव्याला आतली चोच आलीच नाही.
तो फळ धरून तसाच थांबला.
खुशाली हलली नाही, मीही नाही.
हातातला मल्टिमीटर चालूच राहिला होता.