धुण्याचा दिवस

हलमध्ये नदी समुद्राला मिळते तेव्हा
दोघांपैकी कुणाचंच पाणी नितळ नसतं.
कोको कालवल्यासारखं, भरतीला धक्क्याशी चढतं,
ओहोटीला चिखल उघडा टाकून जातं.

मी आलो क्लाइपेडाहून, म्हणजे बंदरातून बंदरात,
गंज आणि डिझेल, वास ओळखीचेच.
माडीवरची खोली मिळाली थेल्मा गार्बटबाईंकडे,
हेसल रोडच्या मागच्या गल्लीत.
भाडं आठवड्याचं, शुक्रवारी मासे,
आणि कपडे त्याच धुणार,
पहिल्याच दिवशी बजावलं.

फक्त मी निघायचो त्या दिवशी नाही.
पंधरा दिवस खोल समुद्रात, पवनचक्क्यांवर काम.
सकाळी टोपली जिन्याशी ठेवायचो
आणि मशीन मुकं.
मी लावतो म्हणालो एकदा.
"हात लावू नकोस,"
वाटाणे सोलताना मान वर न करता.

दारापर्यंत येत नसत. हात हलवत नसत.
मनात म्हटलं, इंग्रज माणसं. थंड.

दोन बोटं गमावलेला म्हातारा विल्फ स्टॅमर्स
पबमध्ये बसतो, त्यानं सांगितलं.
माणूस बोटीवर चढला त्या दिवशी धुणं काढलं
तर तोही धुऊन जातो.
हात हलवला, की समुद्राला वाटतं
आपल्यालाच बोलावलं.

तेव्हा गोदीत इतके ट्रॉलर, म्हणाला,
एकावरून दुसऱ्यावर पाय टाकत पलीकडे जावं.
तीन आठवडे बर्फात, तीन दिवस घरी,
ते तीन दिवस राजे: नवा सूट, दाराशी टॅक्सी,
पोरांच्या मुठीत नाणी.
त्याच्याही आधी देवमाशाचं तेल, गल्ल्या नुसत्या घाणायच्या.
पुढे आइसलंडनं आपलं पाणी आपल्यापाशी ठेवलं
आणि गोदीत गाळ साचला.
आता तिथे गवत. बाजूला गाड्यांचा तळ.

"आणि गार्बटबाई?"

विल्फनं ग्लास गोल फिरवला.
"जानेवारी होता. बाळाला जुलाब.
दुपटी तरी किती वेळ तशी ठेवणार?"

एवढंच.

धक्क्यावर पाती आडवी पडलेली असतात,
पांढरी, आमच्या गल्लीहून लांब.
संध्याकाळी रॉटरडॅमची फेरी सुटते,
सगळ्या खिडक्या पेटलेल्या,
डेकवरची मुलं कुणालाही हात हलवतात.
मी खिशात घालून उभा राहतो.

या खेपेला टोपली खाली आणलीच नाही.
दाराशी वळलो नाही.
वाटाणे भांड्यात पडत होते, टण, टण,
मग थांबले.

पंधरा दिवसांनी आलो,
पायरीवर बसून बूट सोडत होतो.
कसा होतास, काही नाही.
माझ्या अंगावरून पलीकडे जाऊन
बाई माडीवर गेल्या, टोपली कमरेवर घेऊन उतरल्या,
आणि आत
मशीनमध्ये पाणी भरू लागलं.