भागिले चार

विजेचं बिल यायचं वासुदेव धोंडू नागवेकर यांच्या नावाने.
वासुदेव धोंडू भिंतीवर होते,
दर दिवाळीत धुतल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या हारात,
आणि शिरगावच्या त्या जांभ्याच्या घरात
आम्ही चौघी त्यांची वीज जाळत होतो.
नाव बदलून घ्यायला काकू तयार नव्हत्या.
"येतंय तर येऊ दे," म्हणायच्या,
"तेवढाच एक कागद येतो त्यांना अजून."

वही माझ्याकडे आली, कारण मी बार्शीची,
मासे न खाणारी, म्हणजे तटस्थ.
हे दीपश्रीने ठरवलं. देवगडची ती,
मासळीच्या हिशोबात तिचा स्वतःवरच भरवसा नव्हता.

पहिल्याच महिन्यात भांडण झालं फ्रीजवरून.
आत माझं एक दह्याचं भांडं,
बाकी बांगडे, तारल्या,
प्रॅक्टिकलची उरलेली कोळंबी.
मी म्हटलं, चौथा हिस्सा मी का भरू?
नुझत म्हणाली, तुझं दही गार होताना
आमच्या बांगड्याची परवानगी घेतं का?
मग ठरलं : गॅस भागिले चार,
पाण्याची मोटर भागिले चार,
मासळी भागिले तीन.
फ्रीजवर एकमत झालंच नाही.
वहीत त्याच्यापुढे अजून प्रश्नचिन्ह आहे.

करिश्मा गावितची स्कॉलरशिप
पुण्यातल्या कुठल्याशा टेबलावर बसून होती.
ऑगस्टपासून तिच्या रकान्यात मी "नंतर" लिहीत गेले.
नंतर, नंतर, असं सात वेळा,
दर महिन्याला अक्षर थोडं बारीक.
तिने पैशांबद्दल चकार शब्द काढला नाही,
फक्त स्वतःच्या खोलीतला पंखा लावेनाशी झाली.
ऑक्टोबरच्या चिकट उकाड्यात
ओलं फडकं मानेवर टाकून
ओटीवर, रस्त्याच्या दिव्याखाली वाचत बसायची.
आम्हाला वाटलं, तिला बाहेर आवडतं.
युनिटं कमी झाली म्हणून
मी तर खूश होते.

एका रात्री नुझत पाणी प्यायला उठली
आणि तिथेच थांबली.
करिश्माच्या खोलीत जाऊन तिने पंखा पाचावर लावला,
म्हणाली, "वासुदेवकाकांच्या नावावर आहे. झोप."

मार्चमध्ये पैसे आले.
चार हजार तीनशे दहा रुपये
करिश्माने वहीवर मोजून ठेवले, सुट्ट्यांसकट,
शेजारी मिरकरवाड्यावरून आणलेला एक सरंगा.
"याचे लिहायचे नाहीत."
मी लिहिले नाहीत.
तुकडी माझ्या ताटात आली तेव्हा
माझ्याकडे कोणी पाहिलं नाही,
तिघी अचानक आपापल्या काट्यांत फार गुंतल्या.
काकूंनी तेवढं आतून विचारलं,
"काटा नाय ना लागला?"

एप्रिलच्या पानावर
मासळीपुढचा तीन खोडून मी चार केला.

नाव वासुदेव धोंडूंचं, पण मोबाइल नंबर मी माझा दिला होता.
तो बदलायचा राहिला.
आता नागपुरात, ऑफिसच्या मधल्या सुट्टीत,
दर महिन्याला मेसेज येतो : प्रिय ग्राहक.
मे महिन्यात अकरा युनिट.
म्हणजे काकूंचा एक दिवा, आणि देवापुढचा छोटा.
जुलैत एकशे बावन्न. नव्या मुली आल्या,
त्यांच्याकडे फ्रीज असणार,
दह्यावरून त्यांचंही वाजलं असेल.
सप्टेंबरात एकशे साठ.
आणि ऑक्टोबरात एकदम एकोणसत्तर.

डबा तसाच ठेवून मी फोन लावला.
काकू, म्हटलं, त्यांच्यातलं कोणी
पंखा बंद करून झोपत नाही ना?
"अगो, दिवाळीची सुट्टी. पोरी घरी गेल्यायत."
मागे कुठेतरी नळ वाहत होता,
त्या हार धूत असाव्यात.

तरी, म्हटलं, आल्या की एकदा बघा.