अधिक-उणे

एकतीस डिसेंबर. सातपूरला पारा सातवर.
आज दुसरी पाळी लवकर सोडली,
लेथ गार पडलेत, कूलंटवर साय धरलीय,
आणि मी जॉबकार्डाच्या पाठकोऱ्या बाजूवर
नवं वर्ष लिहायला बसलेय.

गेल्या महिन्यात हायवेवरच्या हॉटेलात
टायवाल्या माणसाने सांगितलं होतं:
मॅडम, ध्येय मोजता आलं पाहिजे.
मला हसू आलं.
बावीस वर्षं मी दुसरं करते काय?
माझ्या पर्समध्ये घराच्या किल्ल्यांना
मायक्रोमीटरचा शेजार असतो.

लिहिलं: उलाढाल दुप्पट.
खोडलं.
दुप्पटीला तिसरं मशीन, मशीनला कर्ज,
कर्जाला तारण पंचवटीतला फ्लॅट,
आणि त्या फ्लॅटमध्ये ऋता
दहावीचं भूमितीचं पुस्तक उघडून बसलीय.

लिहिलं: रिजेक्शन चारवरून दोन टक्के.
हे बरं. याला आकडा आहे, तारीख लावता येते.
मग हे चार टक्के येतात कुठून म्हणून
वर्षभराची कार्डं टेबलावर पसरली.
दिवाळीनंतरची? लाइट गेली त्या आठवड्यातली?
नाही.
सगळी दुसऱ्या पाळीची, दिवे लागल्यानंतरची,
सगळ्यांवर एकच सही: दौ. गांगुर्डे.

दौलतभाऊ.
ज्यांनी मला टूलला धार लावायला शिकवलं,
म्हणाले होते, ताई, लोखंडाला घाई कळते.
परवा ते व्हर्नियर लांब धरून वाचत होते,
मग जवळ, मग ट्यूबखाली,
मग अंदाजाने.
मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.
डिस्पॅचची गाडी दारात उभी होती.

दोन टक्के खोडलं.
लिहिलं: दौलतभाऊंचा चष्मा. चार जानेवारीच्या आत.
मेनरोडला, मी स्वतः सोबत.
ते म्हणतील, थंडीने पाणी येतं हो डोळ्याला.

आता रेघ मारून उजवीकडे ‘स्वतःसाठी’.
इथे पेन अडतो.
मागच्या डायरीत आहे: रोज पाचला उठून
सोमेश्वरपर्यंत चालणे.
चालले अकरा दिवस.
बारावा अजून उजाडायचाय.
त्याखाली: ऋतावर न ओरडणे.
त्याचा हिशोब मी ठेवला नव्हता.
तिने ठेवला असणार.

ड्रॉइंगवर कधीच नुसता आकडा नसतो.
पंचवीस मिलीमीटर, आणि शेजारी बारीक अक्षरात
अधिक-उणे वीस मायक्रॉन.
तेवढी जागा सोडली नाही
तर शाफ्ट बुशमध्ये जात नाही,
ठोकून घातला तर फिरत नाही.
लोकांच्या लोखंडाला मी ही सूट रोज देते,
स्वतःच्या यादीला द्यायचं
कसं सुचलं नाही कुणास ठाऊक.

चालणे: आठवड्यात चार दिवस, अधिक-उणे एक.
मोठ्या कंपनीचे पैसे: साठ दिवस, अधिक काही नाही.
एकसष्टाव्या दिवशी फोन मीच करायचा,
अकाउंटवाल्या पोराला पुढे नाही करायचं.
ओरडणे:
इथे आकडा घालवत नाही.
‘कमी’ एवढंच लिहिते.
टायवाला नापास करील.

फोन वाजतो.
आई, बारा वाजत आले. कधी येतेस?
अर्ध्या तासात.
तुझा अर्धा तास म्हणजे किती?
अधिक-उणे दहा मिनिटं.
ती थांबते. हसते बहुतेक.
मग म्हणते, उणे.

गेटपाशी दौलतभाऊ कुलूप लावतायत,
एक किल्ली, दुसरी किल्ली,
बोटांनी दात चाचपत.
मी मोबाईलचा उजेड धरते.
तेही काही बोलत नाहीत, मीही नाही.
तिसरी बसते.
भाऊ, म्हणते, एक तारखेला
चष्म्याची दुकानं उघडी असतात का हो?