पहाटे साडेचारचा फुगा

मुरारकडे एक कुत्रं भुंकतं, बाकी ग्वाल्हेर निजलेलं.
हायड्रोजन भरताना बोलायचं नाही, हा तोमरसाहेबांचा नियम.
ते निवृत्त झाले, तरी मी पाळते.

फुगा सुटतो. पडद्यावर आकडे उमटू लागतात.
दीड किलोमीटरवर वारा पूर्वेचा होतो
आणि हवा एकदम ओली.

चार दिवसांपूर्वी हे पाणी बंगालच्या उपसागरात होतं.
नुसत्या वाऱ्याच्या हातून काही झालं नसतं,
नुसती वाफ जागच्या जागी विरली असती.
वारा वाफ गोळा करत आला,
वाफेने ढग होताना ऊब सोडली,
उबेने आणखी वारा ओढून घेतला.
कुणी कुणाला आणलं,
एकवीस वर्षं आकडे लिहून मला सांगता येत नाही.

पाच किलोमीटरच्या वर मात्र राजस्थानची कोरडी हवा.
ती खाली घुसली तर सगळं इथेच विस्कटेल,
शिवपुरीच्याही अलीकडे.

सहा वाजता आईचा फोन, लश्करातून:
"शालू, गोधड्या धुवू का गं आज?"
मी म्हणते, थांब जरा, अजून नक्की नाही.

"भिजवल्यात," ती म्हणते.

भिंडच्या बाजूला कुठेतरी
फुगा एव्हाना फुटला असेल.