चौथा चौकोन

घर विकलं तेव्हा हार्लनने भिंतीवरून दोनच वस्तू उतरवल्या:
गोठलेल्या तळ्यात मासे मारायचा आजोबांचा भाला
आणि राउटर.

आता आमचं घर एकतीस फुटांचं. सहा चाकं.
छतावर अँटेना, पालथ्या वाटीसारखा,
त्याखाली सिमकार्डाचं खोकं, खोक्याला तोच जुना राउटर,
अंड्यांच्या कपाटात, कारण तिथे गचके कमी बसतात.

कॅमेऱ्यांना गाव कळत नाही, हार्लन म्हणतो,
नाव कळतं.
नेटवर्कचं नाव बदललं की एकेकाला खाली उतरवा,
टाचणीने इवल्या भोकात दाबून धरा, दहा मोजा,
लाल, निळा, पुन्हा लाल, मग शिव्या.
म्हणून नाव बदलायचं नाही.
टॅमरॅक ४१७. पासवर्ड आमच्या पहिल्या कुत्रीचं नाव.
तळावरचं फुकट वायफाय मिळालं, तर ते राउटरने प्यावं,
कॅमेऱ्यांना मात्र घरच्याच भांड्यातून वाढावं.

त्यामुळे त्यांना वाटतं, आपण अजून बेमिजीत आहोत.
पहाटे फोन गुरगुरतो: मागच्या अंगणात हालचाल.
बघते तर वायोमिंग,
चाळीस हरणं बंपर हुंगताहेत.
पोर्चवर युटाची लाल धूळ.
ब्रिटाच्या खिडकीत नेवाडातला ट्रकचा थांबा,
रात्रभर धापा टाकणारी इंजिनं.
ब्रिटा अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, टॅकोमात राहते.

चौथा गॅरेजचा. तो काढायचा राहिला.
वळचणीला फार उंच होता, हार्लनचे गुडघे शिडीला नाही म्हणाले,
आणि त्याच्या डोक्यावर तळहाताएवढं सोलर पॅनेल होतं,
म्हणजे उपाशी मरणार नव्हता.
फोनवर चार चौकोन, त्यातला एक राखाडी: ऑफलाइन.
पुसून टाक की तो, मी म्हणायचे.
टाकतो, तो म्हणायचा.
तीन वर्षं.

या सप्टेंबरात चुलतभाऊ आर्विड गेला, म्हणून उत्तरेला आलो.
गावात शिरायला रात्रीचे साडेअकरा.
मुक्काम दुकानाच्या पार्किंगमध्ये ठरला होता,
हार्लनने न विचारता डावीकडे वळवलं.
मीही विचारलं नाही.
४१७च्या समोर, रस्त्यापलीकडे, दिवे मालवून उभे राहिलो.
दाराला नवा रंग. अंधारात कळला नाही कोणता.

मांडीवर फोन थरथरला.
राखाडी चौकोन उजळत होता.

आधी कोळ्याचं जाळं, भिंगाच्या कोपऱ्यात.
मग आडवी पडलेली छोटी सायकल,
मग रस्ता,
मग एक मोठी पांढरी गाडी,
काचेमागे दोन म्हातारी माणसं,
एकीच्या हनुवटीवर फोनचा उजेड.

गॅरेजसमोर अनोळखी वाहन.

मी हात वर केला.
दोन सेकंदांनी त्या बाईनेही केला.

किती रात्री हे नाव हाकारत बसला असेल,
बर्फात, वादळात, दुसऱ्यांच्या गाड्यांवर नजर ठेवून,
मला बोलायचं होतं, पण हार्लन म्हणाला,
सिग्नल छान आहे.
बॅटरी एक्क्याऐंशी टक्के, मी म्हणाले.

स्वयंपाकघरात दिवा लागला. कुणी पाणी प्यायला उठलं असेल.
नळ जरा घट्ट आहे, हे त्यांना एव्हाना कळलं असेल.
आणि मला एकदम लाज वाटली,
आपण कुणाच्या तरी गॅरेजमधून डोकावतोय याची,
मग ते गॅरेज कुणाचं का असेना.

हार्लनने इंजिन सुरू केलं.
ते दोनदा ऐकू आलं: एकदा पायाखाली,
एकदा फोनमधून, जरा उशिरा, दूरच्या माणसाचं असावं तसं.

हे उपकरण काढायचं? फोनने विचारलं.
नक्की?
मी हार्लनकडे पाहिलं.
तो रिकाम्या रस्त्याला इंडिकेटर देत होता.

दाबलं.

तीन चौकोन राहिले.
त्यातल्या मागच्या अंगणात
टॅमरॅक स्ट्रीट लहान होत गेली,
खांबावरचा दिवा, सायकल नाही दिसली,
उजळलेली एक खिडकी, मग चर्चच्या कुंपणाआड तीही.

हालचाल, फोन म्हणाला.