आडवी रेघ

वर्ग भरतो भांगाला, अष्टमीच्या मागेपुढे.
उधाणाला इथे कुणाला फुरसत नसते.
जागा हर्णैची, बंदरालगतची जाळ्यांची शेड;
भाडं नाही, अट एकच:
जाळ्यांना हात लावायचा नाही.

पहिल्या दिवशी पाचही कागदांवर
दोन डोंगर, मधून सूर्य,
उजवीकडे कललेला माड
आणि समुद्र निळा.
मी विचारलं, समोर पाण्यात डोंगर कुठे आहेत?
आहे तो किल्ला, तो कुणीच काढला नाही.
शेवटी एक जण म्हणाला,
"शाळेत असंच काढायचो."

मग मी पेट्या मिटायला लावल्या.
आज फक्त बघा.
बघणं पाच मिनिटांत संपलं,
दहाव्या मिनिटाला चुळबुळ,
विसाव्या मिनिटाला हमीदा साखरकर बोलली,
लिलावात जिने मान हलवली की बोली थांबते ती:
"काठाला गढूळ.
पुढं हलव्याचं पोट.
त्याच्या पुढं बांगड्याची पाठ, वळवळती.
आणि लांब, होड्यांच्या मागं, सुरमई."
रंग की मासा? मी विचारलं.
"तुम्हाला फरक दिसतो?" तिने विचारलं.

ती सुरमई बनवायला आम्हाला दोन तास लागले.
निळीत तपकिरी, पुन्हा निळी, मग नुसतं पाणी.
काळ्याची वडी मी आधीच काढून ठेवते,
नाहीतर लोक सावली म्हणून तिच्याकडे धावतात.

पतपेढीचे रोखपाल निशिकांत शेडगे
पट्टी आणतात, विचारतात,
"पाणी किती टक्के?"
गोडं पाणी संपलं तेव्हा त्यांनी
करवंटीत सरळ समुद्रच भरून आणला.
कागद वाळला तसं त्यांच्या आभाळात
मीठ फुललं, बारीक, खरखरीत.
"बिघडलं का हो?"
नाही, म्हटलं. पण मुद्दाम करू नका.
तेव्हापासून ते मुद्दाम करतात.

आणि धर्मा पावसे.
अडतीस वर्षं तांडेल,
आता गुडघ्यांनी काठाला लावलेले.
बोटं एवढी जाड की ब्रश त्यांत
काडीसारखा हरवतो.
त्यांनी काहीच रंगवलं नाही.
एक रेघ ओढली, कागदभर,
डावीकडून चढलेली, उजवीकडे उतरलेली.
मी खोडरबर घेऊन गेले.
क्षितिज आडवं असतं, तांडेल.
त्यांनी कागद हातभर लांब धरला,
मग माझ्याकडे बघितलं:
"असेल. तुमच्या जेटीवरून."

माझे बाबा होड्यांवर नावं रंगवायचे.
ओहोटीला होडी कुशीवर कललेली,
बाबा चिखलात घोटाभर उभे,
आणि अक्षरं तिरकी, सगळी तिरकी.
मी लहान, मला लाज वाटायची;
लोक हसतील म्हणायचे.
भरती आली, होडी उठून बसली,
आणि नाव सरळ झालं.
हे मला त्या शेडमध्ये आठवलं,
खोडरबर मुठीत,
तीस वर्षं शिकून, पाच वर्षं शिकवून.

मी नुसतं म्हटलं, वर आभाळ सोडा, खाली पाणी.
ते म्हणाले, "खाली होडी.
पण ती दिसणार नाही. तिच्यात मी आहे ना."

दिवेलागणीला पाच कागद
चिमट्यांनी दोरीवर टांगले,
पलीकडे बोंबील, अलीकडे चित्रं,
उद्या दोन्हींना एकच वास.
दोरी मधे सैल, टोकांना चढती.
तांडेलांचा कागद टोकाला लावला तर
तिथे नेमकं त्यांचं क्षितिज आडवं झालं,
कुणालाही आवडेल असं.

थोडा वेळ बघितलं.
मग काढून मधे लावला.