थकबाकी-हाय?

उद्यमनगरात खाली लेथ, वर आम्ही.
लोखंडाचा कीस चपलेत अडकून जिना चढतो.
सुलक्षणा मगदूम तो रोज दारात झटकते
आणि मग कंस उघडते.

एकोणीस वर्षांमागं इंगवले साहेबांनी
दूध संस्थांची बिलं जावात बांधली.
फॅट, एसएनएफ, पशुखाद्याची कपात,
दर दहा दिवसांनी, न चुकता.
दगडी काम. खिडकी पाडायची तर
आधी भिंतीला अर्ज, मग अर्जाला अर्ज.

ही म्हणाली, पाडायचं कशाला?
त्याच मशीनवर दुसरी भाषा चालते. क्लोजर.
मला आधी गेटवरची नोटीस आठवली,
या गल्लीत त्या शब्दाचा तोच अर्थ.
मी म्हणालो, एका घरात दोन भाषा,
हिशोब कुठल्या भाषेत मांडणार?
ती म्हणाली, जरा खाली जाऊन बघा.

खाली बसगोंडा. गाव संकेश्वरच्या पलीकडं.
फोनवर कानडी, आमच्याशी मराठी,
जॉबपुढं दोन्ही नाही :
मायक्रोमीटर लावतो, मान हलवतो.
स्पिंडलला कुठं भाषा कळते.
त्याला फिरणं कळतं.

मग मी गप बसलो.
ती एक टिंब द्यायची
आणि इंगवल्यांचा जुना क्लास
झोपेतून उठून दर काढून द्यायचा,
कुणी हाक मारली हे न विचारता.

एकवीस तारखेला, रात्री पावणेबाराला
भोगावतीकाठच्या एका संस्थेचं बिल पडलं.
पडद्यावर पन्नास ओळींचा आक्रोश,
सगळा जावात.

मागच्या उन्हाळ्यात बसगोंडाच्या पायावर फेसप्लेट पडली,
तेव्हा तो 'अव्वा' म्हणून ओरडला होता.
लागलं की माणूस आईच्या भाषेत जातो.
हिचा कोड मात्र
घरमालकाच्या भाषेत ओरडत होता.

त्या गर्दीत तिनं आपलं नाव शोधलं.
तिनं लिहिलं होतं : थकबाकी-हाय?
तिथं झालं होतं : थकबाकी_हाय_क्यूमार्क
आडवी रेघ खाली घसरलेली,
प्रश्नचिन्हाचं आडनाव बदललेलं,
पण प्रश्न तोच.

सभासद क्रमांक चारशे बारा, आक्काताई खोत.
कपातीच्या रकान्यात शून्य न्हाई.
काहीच न्हाई.
एकोणीस वर्षं साहेबांचा कोड
त्या रिकाम्या जागेला वळसा घालून जात होता,
ओळखीतलं कुणी भेटू नये म्हणून
आपण गल्ली बदलतो तसा.
पहिल्यांदाच कुणी थांबून विचारलं होतं,
बाई, तुमचं काही देणं हाय का?

सकाळी संस्थेत फोन लावला.
सेक्रेटरी वह्या चाळत राहिला,
मागं म्हशीचं हंबरणं, कॅनचा आवाज.
मग म्हणाला, न्हाई ओ, उलट
संस्थाच त्यांचं लागतीया.

किती, ते अजून निघायचंय.
सुलक्षणानं नवी फाईल उघडली.
कुठं ठेवू, म्हणाली.
मी म्हणालो, ठेव की तिथंच,
साहेबांच्या शेजारी.